साधेपणाचे सामान

माणसाने अधूनमधून निसर्गात जाऊन साधेपणाने राहावे, याबाबत गॉलर गावात कोणाचेही दुमत नव्हते. मतभेद होता तो एवढाच, की हा साधेपणा वाहून न्यायला गाडीमागे केवढा ट्रेलर जोडावा लागतो.

रसेल ट्रेगेन्झा याला या मतभेदात पडण्याचे कारण नव्हते. तो नगर परिषदेच्या संभाव्य धोके निवारण विभागात वरिष्ठ अधिकारी होता आणि सुट्टीत घरीच बसत असे, कारण घराची तपासणी त्याने स्वतः केलेली होती. गावच्या बागेतली घसरगुंडी हलवण्याचे श्रेय त्याचेच. घसरगुंडीवरून मुले घसरतात, हे त्याने अहवालात सप्रमाण सिद्ध केले होते. तिच्या जागी आता एक बाक आहे आणि बाकावर 'फार वेळ बसू नये' अशी पाटी आहे.

पण त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. मुलगी टॅम्सिन हिला डार्विनला नोकरी लागली होती. डार्विन म्हणजे देशाचे पार दुसरे टोक; तिथून कोणी सहज रविवारी जेवायला येत नाही. ईस्टर झाला की ती जाणार होती. जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी उत्तरेच्या डोंगरात, मल्गा ओढ्याकाठी मुक्कामाला जावे, असे तिने एकदा जेवता जेवता काढले.

"बाबा, मी लहान होते तेव्हा तू दर ईस्टरला म्हणायचास, पुढच्या वर्षी जाऊ," ती म्हणाली. "आता पुढचं वर्ष डार्विनला आहे."

रसेलच्या घशात बटाटा अडकला. बटाटा मऊ होता, पण अडकला खरा. पाणी पिऊन तो म्हणाला, "जाऊ या. नक्की."

"एक तंबू, चार पांघरुणं, खोकंभर खायचं," त्याची बायको केरिन म्हणाली. "शुक्रवारी सकाळी निघायचं. त्यात काय एवढं?"

'त्यात काय एवढं' हे शब्द कानी पडले की फाइल उघडायची, असा रसेलच्या विभागाचा शिरस्ता होता. गावात आजवर जे काही कोसळले, बुडाले किंवा पेटले, त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी हे वाक्य उच्चारलेले असे.

टेबलाच्या टोकाला केरिनचे वडील क्लॅरी बसले होते. ऐंशी ओलांडलेले, पण दात आणि जीभ दोन्ही शाबूत. उभ्या आयुष्यात त्यांनी मल्गा ओढ्याचा ईस्टर सहसा चुकवला नव्हता. तेव्हा जाणकार म्हणून त्यांचा जबाब घेणे रसेलला क्रमप्राप्त वाटले.

"तुम्ही काय काय नेता तिकडे?"

"टोपी."

"आणि?"

"आणि काय? टोपी."

"जेवायला?"

"असतं तिथं."

"झोपायला?"

"असतं हो जावईबापू. नेणारे असतात की." क्लॅरींनी शेवटचा कटलेट स्वतःच्या ताटात ओढला. "जगात नेणारे खूप असतात. आपण त्यांच्यात भर घालू नये."

हे उत्तर रसेलने वयोमानाच्या खाती टाकले आणि स्वतः कामाला लागला.

प्रथम त्याने साप घेतला. साप जमिनीवर असतो, म्हणून तंबू जमिनीवर नको. तो गाडीच्या टपावर उघडणारा हवा. टपावर चढायला शिडी आली. शिडी आली म्हणजे रात्री लघवीला उतरताना पाय घसरणे आले, म्हणून शिडीला दिवा आणि शिडीच्या पायथ्याशी घडीचा संडास. दिव्याला बॅटरी, बॅटरीला सौर पॅनल. पॅनल उन्हात ठेवायचे आणि माणसे सावलीत. पण ओढ्याकाठची सावली निलगिरीची, आणि निलगिरी ही अत्यंत बेजबाबदार वनस्पती असून ती वारा नसतानाही डोक्यावर फांदी टाकते, असे खात्याच्या पत्रकात नमूद होते. सबब, झाडांपासून दूर उभा करायचा स्वतःचा मांडव. मांडव उडू नये म्हणून खुंट्या. खुंट्या ठोकायला हातोडा. हातोड्याने अंगठा ठेचतो, म्हणून औषधांची पेटी. पेटीतली काही औषधे थंड ठेवावी लागतात, म्हणून फ्रीज.

"फ्रीज अंगठ्यासाठी?" केरिनने विचारले.

"मूळ कारण तेच," रसेल म्हणाला. "रिकाम्या जागेत दूध ठेवता येईल."

पुढच्या शनिवारी तो सामानाच्या दुकानात गेला. दुकान विमान ठेवता येईल एवढे मोठे होते. विक्रेता ब्रोडी नावाचा, उन्हाने रापलेला, गोड बोलणारा गडी होता. रसेलला वाटले होते की हा वस्तू विकत असेल. तो वस्तू विकत नव्हता. तो 'समजा' विकत होता.

"समजा पाऊस आला," ब्रोडी म्हणाला.

"तिकडे तीन-तीन वर्षं पाऊस पडत नाही."

"मग समजा पाणीच नाही मिळालं."

रसेलने पाण्याची टाकी घेतली.

"आता एवढं पाणी आहे," ब्रोडी मायेने म्हणाला, "तर समजा बाईसाहेबांना अंघोळ करावीशी वाटली."

रसेलने गरम पाण्याचा फवारा आणि त्याभोवतीचा उभा तंबू घेतला.

"तुम्ही फार विचारी दिसता," ब्रोडी म्हणाला. "लोक येतात, एक झोपायची पिशवी घेतात आणि जातात. मग काय होतं त्यांचं, देव जाणे."

"काय होतं?" रसेलने चाचरत विचारले.

ब्रोडीने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यापायी रसेलने उपग्रहावरून मदत मागायचे यंत्र, तसलेच दुसरे यंत्र, आणि दोन्ही यंत्रे पाण्यात पडली तर तरंगतील अशी पिशवी घेतली. मल्गा ओढ्याला पाणी नसते. पण समजा असले.

उरलेले काम शेजारच्या वॉरिकने केले. वॉरिकच्या अंगणात जो ट्रेलर उभा होता, त्याची तो बायकोपेक्षा जास्त निगा राखी आणि हे बायकोला मान्य होते, कारण तेवढा वेळ तो बाहेर असे. कुंपणावरून रसेलच्या सामानाकडे बघून वॉरिकने ओठ चावला.

"फ्रीज एकच?"

"एकच."

"एका फ्रीजमध्ये मांस आणि बिअर एकत्र ठेवणार? लेका, आपण काय जंगली आहोत?"

"जंगलातच चाललोय," रसेल म्हणाला.

"म्हणूनच तर," वॉरिक म्हणाला, आणि दुसरा फ्रीज कुंपणावरून पलीकडे दिला. एवढे सामान गाडीत मावणार नाही हे उघड झाल्यावर त्याने स्वतःचा ट्रेलरही देऊ केला. ट्रेलर देताना त्याचा आवाज जड झाला होता. "माझी पाठ धरलीये म्हणून देतोय. जपून आण रे बाबा."

गुरुवारी रसेलने कायद्याप्रमाणे सगळे लटांबर गावाबाहेरच्या धान्यकोठारावर वजनाला नेले. घरची मंडळीही बरोबर होती. काट्याच्या खिडकीत एक बाई सफरचंद खात बसली होती. तिने सगळ्यांना खाली उतरवून आकडे बघितले.

"गाडी बसते," ती म्हणाली. "ट्रेलर बसतो. सामानही बसतं."

"मग झालं तर," रसेल खूश झाला.

"तुम्ही बसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे सगळं जाऊ शकतं, पण आत माणसं नकोत. चालवणारा एक चालेल." तिने रसेलला वरून खाली न्याहाळले. "तेही जेवायच्या आधी."

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बैठक बसली. काहीतरी कमी करायचे होते. केरिन म्हणाली, हातोडा काढ. रसेलने समजावले की हातोडा काढला तर खुंट्या बसत नाहीत, खुंट्या नसल्या तर मांडव उडतो, मांडव उडाला तर माणसे झाडाखाली जातात, आणि झाडाखाली काय होते ते पत्रकात आहे. मग फ्रीज काढ. फ्रीज काढला तर अंगठ्याचे काय? अंघोळीचा तंबू? तो काढला तर टाकीतल्या पाण्याला अर्थ राहत नाही. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या आधाराने उभी होती. कोणाच्याही आधाराने उभी नव्हती अशी एकच गोष्ट यादीत निघाली, ती म्हणजे माणसे.

"म्हणजे आम्हाला काढतोयस," टॅम्सिन म्हणाली.

"तात्पुरतं," रसेल म्हणाला. "तुम्ही तिघं तुझ्या छोट्या गाडीतून पुढे व्हा. मी सामान घेऊन मागोमाग येतो. मी पोचेपर्यंत फक्त जागा धरून ठेवा. कुठे बसू नका, कशाला हात लावू नका."

शुक्रवारी सकाळी टॅम्सिनची जुनी गाडी निघाली. तिच्यात तिघे जण, चार पांघरुणे, ईस्टरचे गोड पाव आणि क्लॅरींची टोपी. टोपी क्लॅरींच्या डोक्यावर होती.

"मागोमाग ये हं," टॅम्सिन खिडकीतून म्हणाली.

"हा काय, आलोच."

रसेलने गाडी सुरू केली, ट्रेलर अंगणातून फाटकापर्यंत आणला आणि थांबला. काल काट्यावरून परतताना ट्रेलर फाटकातून आत आला होता. पण रात्री, ट्रेलर कलंडू नये म्हणून, वरच्या पेट्या त्याने दोन्ही बाजूंना लटकवल्या होत्या, त्यामुळे तो बाहेर जात नव्हता. फरक वीतभराचा होता. रसेलने पोट आत घेऊन पाहिले, पण ते त्याचे स्वतःचे पोट होते.

मार्ग सरळ होता. पेट्या उतरवायच्या, ट्रेलर रस्त्यावर न्यायचा, पेट्या परत चढवायच्या. परंतु सार्वजनिक रस्त्यावर अवजड सामान चढवण्या-उतरवण्यास नगर परिषदेचा परवाना लागतो. हा नियम रसेलने स्वतः केला होता, एका बाईच्या पायावर पियानो पडला असता म्हणून. पडला नव्हता, पडला असता.

तो आत गेला, संगणक उघडला आणि अर्ज भरला. ईस्टरची सुट्टी असल्याने कार्यालय बंद होते. सुट्टीतले तातडीचे अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जात. थोड्या वेळाने रसेलच्या फोनवर सूचना आली की रसेल ट्रेगेन्झा यांचा अर्ज आपल्या निर्णयासाठी आला आहे.

दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून मंजूर केला असता. रसेल तसा माणूस नव्हता. त्याने अर्ज बारकाईने वाचला. सामान कोण चढवणार? अर्जदार एकटा. अर्जदाराला अवजड वस्तू उचलण्याचे प्रशिक्षण आहे काय? नाही. रहदारी अडवायला माणूस? नाही. रसेलने खेदपूर्वक शेरा मारला: 'अर्जदाराने धोक्यांचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. नामंजूर.' निर्णय वाचून त्याला फार राग आला. पण अधिकाऱ्याची बाजू त्याला समजत होती.

मग त्याने वरच्या पातळीवर दाद मागितली. दाद विभागप्रमुखाकडे गेली आणि विभागप्रमुख न्यूझीलंडला बहिणीकडे गेले होते. तिथून त्यांचे उत्तर शनिवारी संध्याकाळी आले: 'वरिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयावर माझा पूर्ण विश्वास आहे.'

तेवढ्यात केरिनचाही फोन आला. ओढ्यावर फोन लागत नसे. ती जवळच्या पेट्रोल पंपावर आली होती.

"कुठे आहेस?"

"फाटकात."

"कुठल्या?"

"आपल्या."

"टॅम्सिन विचारतेय म्हणून फोन केला," ती म्हणाली. "तू नुसताच ये ना रे. बसने ये. सामान राहू दे."

"आणि समजा—" रसेलने सुरुवात केली, पण पलीकडे फोन बंद झाला होता.

रविवारी रसेलने फाटक पाडले. फाटकाचा खांब स्वतःचा होता आणि अंगणाच्या आत होता, त्यामुळे त्याला परवाना लागत नव्हता. वॉरिकने पाठ धरून कुंपणापलीकडून मार्गदर्शन केले. अंगठा खरोखरच ठेचला, तेव्हा रसेलला एक प्रकारचे समाधान वाटले. औषधाच्या पेटीसाठी हात घातल्यावर त्याच्या लक्षात आले, की जी वस्तू पहिल्यांदा लागते ती सर्वांत खाली भरलेली असते. अंगठ्याला रुमाल बांधून तो सोमवारी पहाटे निघाला.

मल्गा ओढ्यावर तो पोचला तेव्हा दुपार झाली होती. कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांना मांडव, ट्रेलर, फ्रीज आणि पॅनल यांची वसाहत पसरली होती आणि तिच्यावरून पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा कोकलत चालला होता. सुट्टीचा शेवटचा दिवस. लोक आवराआवर करत होते. आपल्या माणसांची दशा काय झाली असेल, या विचाराने रसेल घाईघाईने त्यांना शोधू लागला.

एका मोठ्या मांडवाखाली क्लॅरी आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते. एक अनोळखी बाई त्यांच्या ताटात केक वाढत होती आणि दुसरी अनोळखी बाई तिच्यावर नाराज दिसत होती.

"या जावईबापू," क्लॅरी म्हणाले. "जेवलात का? या हिल्डाबाई. कालपासून यांच्याकडे आहे. चहाला त्या बाईंकडे जायचंय, त्या रुसल्यात."

हळूहळू रसेलला उलगडा झाला. ओढ्यावर ज्याच्या त्याच्याकडे सगळे होते. दोन-दोन फ्रीज, तीन-तीन शेगड्या, पावाची भट्टी, आइस्क्रीमचे यंत्र. पण ते दाखवायचे कोणाला? शेजाऱ्याला दाखवावे तर शेजाऱ्याकडे त्याहून मोठे. एवढ्यात चार पांघरुणे घेऊन तिघे जण आले आणि झाडाखाली बसले. साऱ्या वसाहतीत चैतन्य संचारले. एकटे क्लॅरी सोडले तर इतके गरजू लोक कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. कोणी बिछाने आणून दिले, कोणी चुलीवरचा पाव. दोन कुटुंबांत केरिनच्या अंघोळीवरून बाचाबाची झाली. मानाची तर अशी लयलूट होती की केरिन लग्नातही एवढी मिरवली नव्हती.

"आणि तू?" रसेलने टॅम्सिनला विचारले. तिचे नाक उन्हाने सोलवटले होते आणि ती खूश दिसत होती. ते बघून त्याला बरे वाटले आणि बरे वाटले म्हणून वाईट वाटले.

"मी रोज पहाटे आजोबांबरोबर वरच्या टेकाडावर जायचे. तिथून रस्ता दिसतो. तुझी गाडी येते का बघायचो."

रसेल ट्रेलरकडे वळला. "थांब, पटकन मांडव उभारतो. सावलीत बसू."

"बाबा, आम्हाला निघायचंय. उद्या सकाळचं माझं विमान आहे."

"मग निदान चहा. शेगडी वरच असेल."

शेगडी वर नव्हती. टॅम्सिनने त्याचा रुमाल बांधलेला हात धरून त्याला ट्रेलरपासून ओढून नेले आणि जमिनीवर, निलगिरीखाली बसवले. हिल्डाबाईंनी चहा आणून दिला. दोघे चहा पीत ओढ्याकडे बघत बसले. फांदी पडली नाही. रसेलने तीनदा वर बघितले, मग बघणे सोडले. त्या ईस्टरला बाप-लेकीचा मुक्काम झाला तो एवढा, एका पेल्याचा.

टॅम्सिन डार्विनला गेली. रसेल पालटला.

पालटलेला माणूस गप्प बसत नाही. त्याने सगळे सामान विकून टाकले, वॉरिकला ट्रेलर परत केला आणि परत करताना साधेपणाबद्दल चार शब्द ऐकवले. नगर परिषदेत 'रिकामे हात, भरलेले मन' या विषयावर त्याची भाषणे होऊ लागली. भाषणाला येणाऱ्यांनी काहीही बरोबर आणू नये असा नियम होता. पेन लागलेच तर शेजाऱ्याकडून घ्यावे. वॉरिकचासुद्धा पुरता कायापालट झाला. त्याने ट्रेलर विकला आणि मग अंगणात उगीच उभा राहू लागला. त्याची बायको तेवढी या विचारसरणीच्या विरोधात होती.

पुढच्या ईस्टरला टॅम्सिन रजा काढून आली, आणि सगळे पुन्हा मल्गा ओढ्याला निघाले. या वेळी वॉरिकही बरोबर होता. रसेलने फक्त टोपी घेतली.

"काही तरी घेऊ ना बाबा," टॅम्सिन म्हणाली. "निदान पाव."

"कशाला? लोकांचा आनंद हिरावून घ्यायचा?" रसेल म्हणाला.

ओढ्याकाठी पोचल्यावर मात्र सगळे नेहमीपेक्षा शांत वाटले. गाड्या होत्या, माणसे होती. मांडव एकही नव्हता. गेल्या वर्षी त्या तिघांची चैन सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती आणि वर्षभर तिच्यावर विचार केला होता. प्रत्येक झाडाखाली एकेक कुटुंब टोप्या घालून, हात मोकळे सोडून, प्रसन्न मुद्रेने बसले होते आणि शेजारच्या झाडाकडे बघत होते. हिल्डाबाईसुद्धा. त्यांनी फक्त एक चमचा आणला होता.

दुपार कलल्यावर मंडळी फेरफटका मारायला निघाली. प्रत्येकाला वाटले, सहज कोणाकडे तरी डोकवावे. सगळे एकाच वेळी डोकवायला निघाल्यामुळे ओढ्याच्या मधोमध मोठी गर्दी झाली. लोकांनी एकमेकांना आकाश किती स्वच्छ आहे ते सांगितले. मग परत आपापल्या झाडाखाली जाऊन बसले.

"धंद्यात गर्दी झाली," क्लॅरी कडवटपणे म्हणाले. "उभी हयात मी एकटा होतो, कसं नीट चालायचं. तुम्ही भाषणं दिलीत जावईबापू. गुपित होतं ते. भाषणं द्यायची असतात का त्याची?"

"तत्त्व सगळ्यांचं असतं," रसेल म्हणाला. त्याच्या पोटात कावळे कोकलत होते.

"तत्त्व सगळ्यांचं, पण नेणारा कोण?"

तेवढ्यात वळणावर धूळ उठली. एक गाडी येत होती आणि गाडीमागे एक ट्रेलर. सगळी झाडे उठून उभी राहिली.

गाडीतून पोर्ट पिरी गावचा थानासिस कारवेलास उतरला. स्थूल, लाजाळू माणूस. मागून त्याची म्हातारी आई उतरली, काळ्या पोशाखातली, आणि उतरल्या उतरल्या तिने पदार्थांचे डबे मोजायला घेतले. दोघे पहिल्यांदाच मुक्कामाला येत होते आणि त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. थानासिसने दोरी सोडायच्या आत लोकांनी ट्रेलर रिकामा केला. मांडव उभा राहिला. मेंढीच्या मटणाचे चॉप शेगडीवर चरचरू लागले. म्हातारी वाढत होती आणि कोणी 'पुरे' म्हणाले की तिला ऐकू येत नव्हते.

रसेलला बसायला थानासिसचीच खुर्ची मिळाली. थानासिस उभा होता. पहिल्या चार घासांनंतर रसेलला बोलण्याची शक्ती आली.

"एवढं सगळं कशाला आणलंत?" त्याने आपुलकीने विचारले.

थानासिस ओशाळला. "जास्त झालं का हो? आईच म्हणाली, कुणी आलं गेलं तर असावं."

आजूबाजूला माना डोलल्या. तोंडे भरलेली असल्यामुळे कोणी बोलले नाही, पण जास्त झाले याबद्दल एकमत होते.

"सुरुवातीला होतं असं," रसेल म्हणाला. "मीही तुमच्यासारखाच होतो. वस्तूंच्या ओझ्याखाली माणूस निसर्गाला मुकतो बघा. तो चॉप देता का, तो कडेचा?"

हिल्डाबाई म्हणाल्या की आजकालच्या माणसांना साधेपणाने राहताच येत नाही, आणि लिंबू आहे का म्हणून विचारले. लिंबू होते. वॉरिकने दोन फ्रीज म्हणजे निव्वळ हव्यास असे सांगून दुसऱ्या फ्रीजमधली बिअर काढली. सगळे पोटभर जेवले आणि थानासिसला पोटभर हसले. तो बिचारा त्यांच्याबरोबर हसत होता, पुढच्या वर्षी कमी आणीन म्हणत होता. तेव्हा मात्र क्षणभर सगळे दचकले. क्लॅरी म्हणाले, "नाही नाही, एकदम नको. सवय हळूहळू सोडावी."

टॅम्सिन तेवढी उठली आणि म्हातारीबरोबर भांडी घासायला बसली. "बाबा, इकडे ये," तिने हाक मारली. रसेलने खुर्चीतूनच हात हलवला. उठले तर खुर्ची जाईल, असे त्याला वाटले, आणि ते खरे होते; वॉरिक तिच्यावर डोळा ठेवून होता.

रसेलचे वागणे आपल्याला पटणार नाही, हे उघड आहे. आपण कोणाकडे रिकाम्या हाताने गेलो, यथेच्छ जेवलो, आणि जिना उतरताना 'किती पसारा मांडतात हो ही माणसं' असे कधी म्हणालो, हे आपल्यापैकी कोणालाच आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल, तर तुम्ही नेणाऱ्यांपैकी, वाढणाऱ्यांपैकी आहात. फारच छान.

येत्या रविवारी घरी आहात ना?